हं, बरं आणि तीन मिनिटं

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. शिवणाच्या डब्यात सुटी बटणं जमतात तसे ते जमतात. कुठल्या शर्टाचं कुठलं बटण हे आठवत नाही, पण टाकवतही नाही. परवा भाचीनं फोनवर कुणाला तरी नुसतं ‘हं’ म्हटलं आणि फोन ठेवला. मी भाजी निवडता निवडता म्हटलं, ‘भांडण झालंय वाटतं. आणि चूक तुझी आहे.’ पोरगी चाटच पडली! ‘मावशी, मी तर फक्त हं म्हणाले!’

अगं बाई, ‘हं’ ऐकायचा पगार घेतलाय मी सरकारकडून!

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी भिगवणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. एक्स्चेंज म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक माठ आणि भिंतीएवढा लाकडी बोर्ड. ज्याच्या घरी फोन त्याचा बोर्डावर एक नंबर. त्यानं तिकडे हँडल फिरवलं की इकडे त्या नंबरचं छोटं झाकण टक्‌दिशी खाली पडायचं. आम्ही तिथं कॉर्डची, म्हणजे जोडवायरची, पिन खुपसायची आणि विचारायचं, ‘नंबर?’ गावातला नंबर असेल तर लगेच जोडून द्यायचा. बाहेरगावचा असेल तर ट्रंक कॉल बुक करायचा. लाइन मिळाली की तीन मिनिटं बोलायला, मग आम्ही मध्ये घुसून सांगायचं, ‘तीन मिनिटं झाली.’

आमचं खटलं तीन माणसांचं. सीनियर ऑपरेटर मंदाताई, लाइनमन तात्या आणि नवीन लागलेली मी. मंदाताई चाळिशीच्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आवाज कायम एका पट्टीत. तात्या दिवसभर खांबावर चढलेले असायचे आणि खाली उतरले की बोलत सुटायचे. वर कुणी ऐकायला नसतं ना!

*

पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला.

नियम असा होता, अधूनमधून बोर्डावरची ‘की’, म्हणजे ऐकायचा खटका, दाबून ऐकायचं, लोक बोलतायत का. शांतता असेल तर बोलणं संपलं, कॉर्ड काढून लाइन मोकळी करायची. एक आबा सोलापूरला दिलेल्या लेकीशी बोलत होते. मी की दाबली. शांतता. थोड्या वेळानं परत दाबली. शांतताच. मी नियमाप्रमाणं कॉर्ड ओढली आणि शहाण्यासारखी पुढच्या कामाला लागले.

टक्‌! आबांचं झाकण पडलं.

‘ए पोरी, मधीच का तोडलंस गं?’

‘आबा, कोणी बोलतच नव्हतं.’

‘बोलत नव्हतं म्हंजी? लेक हं म्हनली, मी हं म्हनलो. तिला रडू आलं व्हतं. ते थांबायची वाट बघत व्हतो न्हवं का मी!’

मंदाताईंनी सोलापूरच्या ऑपरेटरला हाक मारली, लेकीला परत लाइनवर घेतलं, आबांना जोडून दिलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

‘शोभा, आवाज ऐकू नगंस, श्वास ऐक. दोन श्वास असलं तर बोलनं चालू हाय. एकच असला तर काढ कॉर्ड.’

ट्रेनिंगमध्ये आम्हाला तीन महिने शिकवलं होतं. त्यात हे एक वाक्य नव्हतं!

*

बोर्डावर एकतीस नंबर होता डाळजचा. बागायतदार माणूस, ऊस बारमाही, घरी फोन. आमच्याकडून डाळज म्हणजे एसटीनं दहा मिनिटं. हे एकतीसचं झाकण पडलं की मंदाताईंचा आवाज एका पट्टीतून अर्धी पट्टी खाली यायचा.

‘नंबर?’

‘बारामती, दोनशे चौदा.’

‘बरं.’

संपलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. बाकी लोक ‘ताई, पाऊस हाय का तिकडं?’ एवढं तरी विचारायचे. मला वाटलं हा गृहस्थ शिष्ट असणार. एकदा मी म्हणालेही, ‘ताई, या एकतीसला काय शिंगं फुटलीत का?’ मंदाताईंनी बुकिंगचं रजिस्टर पुढ्यात ओढलं. तात्यांनी मला डोळ्यानं बाहेर बोलावलं.

‘शोभे, तो तिचा सख्खा भाऊ हाय. थोरला. भगवानराव.’

मंदाताईंचे यजमान आमच्याच खात्यात लाइनमन होते, तात्यांच्या जोडीला. ते आजारानं गेले तेव्हा भगवानराव बहिणीला न्यायला आले. बैलगाडी नाही, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडूनच आले, म्हणजे सामानासकट एका खेपेत नेता येईल! मंदाताईंनी तोवर यजमानांच्या जागेवर नोकरीचा अर्ज दिला होता. त्या म्हणाल्या, मी येत नाही, मी नोकरी करणार. भगवानराव म्हणाले, ‘भावाच्या घरात भाकरी कमी पडली व्हय?’ त्या म्हणाल्या, ‘भाकरी न्हाय कमी पडली. पर नोकरी करनार.’ भगवानराव ट्रॅक्टरवर चढले. मग म्हणाले, ‘बरं.’ आणि रिकामी ट्रॉली वाजवत परत गेले.

त्या ‘बरं’ला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. भाऊबीज नाही, लग्नकार्य नाही, काही नाही. ‘नंबर?’, तो नंबर आणि ‘बरं’, एवढंच काय ते दोघांमध्ये उरलं होतं.

मला वाईट वाटलं म्हणून मी म्हटलं, ‘ताई, एकतीस पडलं की मी घेत जाईन.’ तर मंदाताई असं काही बघायला लागल्या की मी माठाकडे पाणी प्यायला गेले. चहा हातात असला तर चहा खाली ठेवून त्या एकतीस घ्यायच्या. आणि माझ्या हळूहळू एक लक्षात आलं. मंदाताई रजेवर असल्या की एकतीसचं झाकण दिवसभर पडायचं नाही!

*

आता ‘बरं’ निघालंच आहे तर सांगते. आमच्या बारामती-इंदापूर भागात ‘बरं’ हा शब्द नाही, ते खातं आहे. त्याला शाखा आहेत.

तुटक ‘बरं’ म्हणजे राग आलाय. लांबवलेलं ‘बरंऽऽ’ म्हणजे पुढं सांग, मजा येतेय. ‘बरं बरं’ म्हणजे आता पुरे. आणि ‘बरं मग’ म्हणजे निघतो. पण ‘बरं मग’ ऐकून जो ऑपरेटर कॉर्डला हात लावेल तो मूर्ख! कारण खरं बोलणं ‘बरं मग’नंतर सुरू होतं. अडीच मिनिटं पाऊसपाणी, ऊस, म्हशीचं दूध. मग ‘बरं मग, ठेवू?’ आणि त्यानंतर, ‘आन त्ये थोरलीच्या स्थळाचं काय झालं?’ नेमकं तेव्हा आम्ही मध्ये घुसायचं, ‘तीन मिनिटं झाली!’

एका बँकेत नागपूरकडचे एक साहेब बदलून आले होते. त्यांच्या मुलीचं स्थळ कोऱ्हाळ्यात एका घरी सांगितलं होतं. ट्रंक कॉल लावून त्यांनी विचारलं, ‘मग आमचं काय ठरलं?’ तिकडून उत्तर आलं, ‘बघू की!’ साहेब एवढे खूश झाले की संध्याकाळी आम्हाला पेढे घेऊन हजर! ‘बघू म्हणालेत जी, अगदी हसून म्हणालेत!’

मंदाताईंनी पेढा कागदात गुंडाळून ठेवला. म्हणाल्या, ‘आज उपास हाय माझा.’ कसला उपास? तासापूर्वी आम्ही दोघींनी भाकरी-पिठलं खाल्लं होतं! पण इकडं ‘बघू की’ म्हणजे नाही, आणि हसून ‘बघू की’ म्हणजे तर अजिबातच नाही, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार? ऑपरेटरनं ऐकलेलं बोलायचं नसतं.

दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. निघण्याआधी त्यांच्या मुलीसाठी दुसरं एक स्थळ सांगून आलं, साहेबांना पसंत नसावं. मी की दाबली तर साहेब म्हणत होते, ‘बघू की!’ अगदी हसून!

*

‘जरा’ या शब्दाची मात्र आम्हाला धास्ती होती.

फोनवर कुणी गेल्याची बातमी सांगायची नाही, ही इकडची रीत. सांगायचं एवढंच की ‘जरा निघून या.’ ऐकणाराही विचारत नाही की का. ‘व्हय’ म्हणतो आणि फोन ठेवतो. त्यामुळे बुकिंगला कुणी ‘जरा’ म्हणालं, की मंदाताई न विचारता तो कॉल सगळ्यांच्या आधी लावायच्या.

एका पठ्ठ्यानं नवा ट्रॅक्टर घेतला. पूजेला पाहुण्यांना बोलवायचं म्हणून त्यानं अकलूज, सोलापूर, करमाळा असे तीन कॉल लावले. आनंदात घसा बसलेला, आणि काय म्हणाला असेल? ‘मामा, समद्यांना घिऊन जरा निघून या.’

घरात नव्वदीचे आजोबा होते. मग काय! दुपारपर्यंत दोन टेंपो भरून पाहुणे आले ते वेशीपासून गळा काढतच. बायका पदर तोंडाला लावून, बापये टोप्या काढून. वाड्यापुढं येऊन बघतात तर ट्रॅक्टर उभा, आणि ट्रॅक्टरवर गळ्यात हार घातलेले आजोबा बसवलेले! हार बघून तर मागच्या टेंपोतल्या बायकांनी आणखी मोठ्यानं हंबरडा फोडला.

आजोबांनी जरा वेळ सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘आलाच हायसा तर रडून घ्या निवांत. पुन्यांदा यायचा ताप नगं तुमास्नी!’

*

ट्रंक कॉलमध्ये एक प्रकार असायचा पीपी. म्हणजे ज्याचं नाव सांगाल त्याच माणसाला तिकडे बोलावून घ्यायचं, तो आला तरच कॉल जोडायचा. माणूस नसेल तर कॉल नाही. आमच्याच बोर्डावरच्या नंबरांना आपसात ही सोय नव्हती. त्यासाठी पूर्ण नाव लागायचं, कारण तिकडचा शिपाई सायकलवरून नावानं शोधत जायचा.

आमचा एक मासेवाला होता, उजनीच्या पाण्यात जाळी टाकणारा. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. त्यानं पीपी मागितला.

‘नाव सांगा,’ मंदाताई म्हणाल्या.

‘घरातली.’

‘पूर्ण नाव लागतं.’

‘आमच्या बारक्याची आई.’

‘अहो, बारक्याची आई म्हणून शिपाई कुठं हुडकंल? तिकडं घराघरात बारक्या हाय. नाव घ्या की!’

बायकोचं नाव तोंडानं घ्यायचं, तेही दुसऱ्या बाईपुढं! गडी फोनवर घामाघूम झालेला आम्हाला इकडून ऐकू येत होता. मंदाताई म्हणाल्या, ‘तोंडानं येत नसंल तर उखान्यात घ्या.’ त्या थट्टेनंच म्हणाल्या होत्या. पण त्याला तेवढी वाट पुरली. घसा खाकरला आणि एका दमात म्हणाला,

‘उजनीच्या पाण्यावर पाखरांची दाटी, कॉल लावा ताई सुमनसाठी!’

मंदाताईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढून फॉर्मवर नाव लिहिलं, ‘सुमन.’ मान वर केली नाही, पण खांदे हलत होते. अख्ख्या पुणे जिल्ह्यात उखाण्यात बुक झालेला हा एकच ट्रंक कॉल असणार.

*

मंदाताई तीन मिनिटांना फार कडक. तीन म्हणजे तीन. कुणाचा कोण असो, आणखी तीन मिनिटं हवी असतील तर तसं सांगा, पण तीनचं साडेतीन होणार नाही.

एका संस्थेचे चेअरमन होते, नाव नको. त्यांना कुणी थांबवायची सवय नव्हती. एकदा मुंबईला कुणाशी तरी घोळवून घोळवून बोलत होते. मंदाताई मध्ये गेल्या. ‘तीन मिनिटं झाली.’

‘मंदाताई, तुमचं घड्याळ पुढं हाय!’

‘घड्याळ सरकारी हाय, चेअरमनसाहेब. वरनं ऑर्डर आल्याबगार त्ये पुढं जात न्हाय!’

आणि कॉर्ड काढली! तात्या तो किस्सा खांबाखांबावर सांगत फिरले. पुढं महिनाभर भिगवणात कुणालाही उशीर झाला की तो म्हणायचा, ‘तुमचं घड्याळ पुढं हाय.’ आणि समोरून त्याला मंदाताईंचंच उत्तर मिळायचं.

मंदाताईंसारखीच कडक आणखी एकच बाई होती, ती म्हणजे इंदापूर.

हे समजावून सांगायला हवं. आम्ही ऑपरेटर एकमेकींना गावाच्या नावानंच हाक मारायचो. ‘बारामती, जेवलीस का?’ ‘सोलापूर, सर्दी झाली वाटतं.’ ‘वालचंदनगरच्या घरी बारसं आहे.’ वर्षानुवर्षं रोज बोलणं, पण एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. बारामती म्हणजे माझ्या डोळ्यांपुढं धिप्पाड, कुंकू मोठं असलेली बाई होती. एकदा एक किडकिडीत मुलगी पिशवी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. आम्ही तिला म्हटलं, कंप्लेंट असेल तर लिहून द्या. ती आमच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘बोला, भिगवण!’ अगंबाई! मंदाताई उठून तिच्या गळ्यात पडल्या. मंदाताईंना कुणाच्या गळ्यात पडताना मी तेवढंच पाहिलं.

इंदापूर मात्र तशी नव्हती. गप्पा नाहीत, चौकशी नाही. ‘इंदापूर. बोला. लावते. झालं.’ चार शब्दांत तिची ड्यूटी संपायची. मी एकदा तिला ‘काय गं, जेवण झालं का?’ विचारलं तर म्हणाली, ‘लाइन मोकळी ठेवा.’ मंदाताई खूश! म्हणाल्या, ‘ह्याला म्हंत्यात ऑपरेटर.’

*

या नोकरीनं आम्हाला घरीदारी वाया घालवलं होतं. दारावर कुणी हाक मारली की तोंडातून ‘नंबर?’ निघायचं. माझे वडील कोऱ्हाळ्याला शाळामास्तर. ते सुट्टीत माझ्याकडे आले, रात्री जेवताना ‘शोभा’ म्हणाले, आणि मी म्हटलं, ‘बोला.’ वडील म्हणाले, ‘जयभीम बाई, मीठ दे.’

पण खरी गंमत झाली मला बघायला पाहुणे आले तेव्हा. मुलगा गप्प बसलेला, आणि त्याचे काका बोलतायत. आमच्या घराण्यात असं असतं, आमच्याकडे सुना अशा राहतात, नोकरी करायला हरकत नाही पण. या ‘पण’च्या पुढं काका जे सुटले ते थांबेचनात. मी खाली मान घालून बसले होते. खोलीत उकडत होतं, आवाज एका लयीत चाललेला, माझी जरा तंद्रीच लागली असावी.

आणि मी स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, ‘तीन मिनिटं झाली!’

काकांचं वाक्य जिथं होतं तिथंच राहिलं. वडिलांनी डोळे मिटले. आईच्या हातातलं पोह्यांचं ताट तिरकं झालं. मला वाटलं, आटोपलं आता! तेवढ्यात इतका वेळ मुका बसलेला मुलगा पोट धरून हसायला लागला. म्हणाला, ‘काका, वाढवून घ्यायची असतील तर आत्ताच सांगा!’

त्याच्याशीच लग्न केलं मी. काका अजूनही आमच्याकडे आले की थोडक्यात बोलतात.

*

मग एक दिवस पुण्याहून ट्रकमधून एक लोखंडी कपाट आलं. ऑटोमॅटिक एक्स्चेंज! लोकांना नवे फोन मिळणार, तबकडी फिरवली की थेट नंबर लागणार. झाकण नाही, कॉर्ड नाही, ‘नंबर?’ नाही. तारीख ठरली. शनिवारी संध्याकाळी आमचा बोर्ड बंद, सोमवारपासून कपाट चालू. मला बारामतीला बदली मिळाली, मंदाताई तिथंच कंप्लेंटच्या टेबलावर बसणार होत्या.

भिगवणभर आनंद झाला. आम्हालाही बरंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू? कानावरच्या हेडसेटनं डोकं दुखायचं. पण तात्यांनी डाळजच्या घरी जुन्या फोनशेजारी नवा फोन बसवला आणि येऊन मंदाताईंना सांगितलं, ‘भगवानरावाचं झालं काम. आता त्यो डायरेक बारामतीला बोलंल. मधी कुनी न्हाय.’

‘बरं,’ मंदाताई म्हणाल्या.

मी इतकी वर्षं ‘बरं’च्या शाखा मोजत बसले होते, पण हे ‘बरं’ माझ्या यादीत नव्हतं. मला एकदम भडभडून आलं. ते तीन शब्दसुद्धा आता बंद होणार होते. आणि दोघांपैकी एक जण चौथा शब्द उच्चारेल तर शपथ! मला त्या दोघांचा असा राग आला की काय सांगू.

त्या शेवटच्या आठवड्यात एकतीसचं झाकण दिवसातून आठ-आठदा पडायला लागलं. आधी आठवड्यातून दोन-तीनदा पडायचं! ‘नंबर?’ ‘बारामती, दोनशे चौदा.’ ‘बरं.’ तासाभरानं परत. गुरुवारी तर बारामतीची ऑपरेटर वैतागली. ‘अगं भिगवण, सारखी सारखी तो नंबर काय मागतेस? ते दुकान गुरुवारी बंद असतं!’ मंदाताईंनी एकतीसला सांगितलं, ‘दुकान बंद हाय.’

‘ऱ्हाऊ द्या,’ तिकडून आवाज आला.

‘बरं.’

अर्ध्या तासानं परत एकतीस. परत तोच नंबर. आणि मंदाताईंनीही परत बारामतीला हाक मारली!

*

शनिवार उजाडला. सकाळपासून लोक निरोप द्यायला फोन करत होते. आबा, चेअरमन, मासेवाला, सगळे. मासेवाल्यानं तर मासेच आणून दिले. फक्त एकतीस पडलं नाही. दहा वाजले, बारा वाजले. मंदाताईंनी डबा उघडलाच नाही. दोनदा त्यांनी एकतीसचं झाकण बोटानं खाली-वर करून बघितलं, अडकलं की काय. तात्यांनी न सांगता डाळजची लाइन तपासली. लाइन ठीक होती.

तीन वाजता मी डाळजला रिंग दिली. हो, मीच दिली, कुणाला न विचारता! वहिनींनी उचलला. म्हणाल्या, ‘ह्ये घरी न्हाईत. सकाळच्यानं इंदापूरला गेल्यात एसटीनं. कशापायी त्ये न्हाय सांगितलं.’ मी मंदाताईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पेन्सिल अंबाड्यात नीट खोचली.

चार वाजून गेल्यावर इंदापूरची ट्रंक लाइन वाजली. मी घेतली.

‘इंदापूर. पीपी आहे,’ तीच ती कोरडी बाई. ‘नाव लिहा. मंदाकिनी रामचंद्र जगताप.’

मंदाताईंचं सासरचं आडनाव शिंदे. जगताप नावाची बाई इथं कोणी नाही, हे सांगायला मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात शेजारी पेन्सिल खाली पडल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं, ते माहेरचं नाव आहे हे उमगलं आणि तोंड मिटलं.

‘पत्ता?’ मी विचारलं.

‘भिगवण टेलिफोन एक्स्चेंज,’ इंदापूर म्हणाली. ‘माणूस हजर आहे का?’

मंदाताई बोर्डाकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली, इतकी थोडी की दुसऱ्या कुणाला कळली नसती.

‘हजर आहे,’ मी म्हटलं.

मी कॉर्ड जोडली. मंदाताईंनी हेडसेट कानाला लावला, जसा रोज लावायच्या तसाच. जोडता जोडता मला तिकडचा आवाज ऐकू आला.

‘मंदे, हाईस का?’

‘हाय,’ मंदाताई म्हणाल्या.

मी माझी की सोडून दिली. ऐकलेलं बोलायचं नसतं, आणि काही वेळा ऐकायचंही नसतं. मंदाताई ताठ बसल्या होत्या, एक हात टेबलावर. एकदा ‘हं’ म्हणाल्या. मग खूप वेळ काहीच नाही. मग परत एकदा ‘हं.’ तात्या दारात उभे होते, हातात पक्कड. भिंतीवरच्या सरकारी घड्याळाचा काटा तीन मिनिटांवर आला, आणि पुढं सरकला.

ट्रंक लाइनवर इंदापूर आली.

‘भिगवण, तीन मिनिटं झाली. कोणी बोलत नाहीये. काढते.’

मी की दाबली. शांतता. मी श्वास रोखून ऐकलं. दोन होते.

‘इंदापूर,’ मी म्हटलं, ‘तुमचं घड्याळ पुढं आहे.’

मग इंदापूर म्हणाली, ‘बरं.’